ओट्यावरची वाळू

सकाळी चहाचं आधण ठेवायला गेले तर ओट्यावर चिमूटभर वाळू पडली होती. साखर सांडली असेल म्हणून बोट टेकवून बघितलं. खरखरीत, करड्या रंगाची, आणि तिच्यात एक आखूड तांबूस केस. आईचा नक्कीच नव्हे, तिचे सगळे पांढरे झालेत. माझाही नव्हे. फडक्याने पुसून घेतलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच वाळू, त्याच जागी, शेगडीच्या उजव्या हाताला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, वाळवी तर नाही ना लागली? आपल्याकडे असाच भुगा पडतो." भुगा नव्हता तो. पण वाळवीचं नाव काढल्यावर मला स्टुलावर चढून बघावंच लागलं. वरच्या कॅबिनेटची मागची कड आणि भिंत यांच्यात फट पडली होती. करंगळीचं नख आत जाईल एवढी. सहा महिन्यांपूर्वी स्वयंपाकघर नवं करून घेतलं तेव्हा तिथून कागदही सरकत नव्हता.

त्या कॅबिनेटमध्ये माझं निम्मं घर होतं. दर खेपेला बॅगेतून एकेक करत आणलेले आईचे पितळी डबे, दगडी खलबत्ता, पुरणयंत्र, लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या, डाळी, गूळ, आणि सगळ्यात वरच्या फळीवर आजीचं परातीएवढं ताट. आणि त्याच्या बरोबर खाली, रोज सकाळ-संध्याकाळ, एकोणऐंशी वर्षांची आई पोळ्या लाटत उभी असायची. रात्रीपर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही. ऑफिसला कळवलं आणि कॅबिनेट रिकामं करायला घेतलं. आईला लांब खुर्चीत बसवलं होतं, पण ती उठून आली आणि दोन्ही तळहात खालून लावून उभी राहिली, पाळण्याला आधार द्यावा तशी. "आई, बाजूला हो, पडलं तर तुला पेलणार आहे का?" "तू काढ भराभर," एवढंच म्हणाली. सगळं सामान जमिनीवर मांडल्यावर मला राहवलं नाही. न्हाणीघरातला वजनकाटा आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवत गेले, आई मोठ्याने आकडे सांगत गेली. बावन्न किलो. रिकाम्या कॅबिनेटचं वीसेक किलो वेगळं.

म्हणजे एक भरल्या अंगाचा माणूस सहा महिने त्या भिंतीला लटकून होता.

भिंत म्हणजे काय, हे मी डोंबिवलीत शिकले होते, आणि ते शिकवलं बाबांनी. विटांची भिंत, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर डिस्टेंपर. भांड्यांची स्टीलची मांडणी आणली त्या रविवारी बाबांनी छिन्नी-हातोडीने भिंतीत चार भोकं पाडली. सागवानाच्या तुकड्याच्या चार गिट्ट्या तासल्या, एका टोकाला जराशा निमुळत्या. भोकात पाणी मारलं, सिमेंट भरलं, गिट्ट्या ठोकल्या आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या पापण्यांवर विटेची तांबडी धूळ बसली होती आणि ते डोळे मिचकावत माझ्याकडे स्क्रू मागत होते. ती मांडणी पस्तीस वर्षं हलली नाही. बाबा गेले, मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, मांडणी काढली, तेव्हा आईने गिट्ट्या काढून बघितल्या. निघाल्या नाहीत. भिंतीबरोबरच गेल्या. तर माझ्या हिशेबी भिंत ही अशी. कुठेही भोक पाडा, गिट्टी ठोका, ती धरणारच. ज्या माणसाने माझी कॅबिनेटं बसवली, तो अर्ध्या दिवसात काम संपवून गेला तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. तो कुठे स्क्रू मारतोय हे विचारायचं मला सुचलंही नाही. भिंतीत मारतोय, आणखी कुठे मारणार?

आमचं हे घर बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टरचं. लाकडी, तीन मजल्यांचं, एकावर एक तीन बिऱ्हाडं आणि मागे तीन गॅलऱ्या. इथे ट्रिपल डेकर म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे कामगार कुटुंबांसाठी अशी घरं या शहरात हजारोंनी उभी राहिली, आमचं 1908 चं. मला चाळीची आठवण येते म्हणून मी ते घेतलं, हे खरं कारण. मागच्या गॅलरीत उभं राहिलं की तिन्ही मजल्यांच्या फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळतात. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर गिलाव्याचं काम केलेले, त्यांचे वडीलही गिलावेवालेच. जिन्यात भेटले की हवेपाण्याच्या गप्पा, त्यापलीकडे माझा त्यांच्याशी संबंध नव्हता. त्या दिवशी हातात वाळूची पुडी घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. त्यांनी पुडी उघडली, चिमूट दोन बोटांत चोळली, तो तांबूस केस उजेडात धरला आणि चपला घालून माझ्यामागून जिना चढायला लागले.

त्यांनी कॅबिनेटकडे बघितलंच नाही. आधी भिंतीवर तळहात टेकवला आणि हळूच दाबला. भिंत दबली. पोट आत-बाहेर व्हावं तशी, अगदी जराशी, पण दबली. माझ्या पोटात खड्डा पडला. मग त्यांनी एक स्क्रू बोटांनीच फिरवून बाहेर काढला. काळा, दोन इंची, बारीक आट्यांचा, हल्लीच्या जिप्समच्या पाट्या ठोकायला वापरतात तसला. त्याच्या टोकाला लाकडाचा कण नव्हता. नुसता पांढरा भुगा.

ते जे म्हणाले ते मी तेव्हापासून विसरलेले नाही. "बाई, या भिंतीवर काही लटकवायचं नसतं. ही भिंत स्वतःच लटकलेली आहे."

मग त्यांनी मला ती भिंत समजावून सांगितली, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, लिफाफ्याच्या पाठीवर चित्र काढून. आधी लाकडाचे उभे खांब, साधारण सोळा-सोळा इंचांवर. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, दोन बोटं रुंदीच्या म्हणा किंवा दीड इंच, पाव इंच जाडीच्या, चार फूट लांब. दोन पट्ट्यांमध्ये थोडी फट सोडायची, आणि या फटीतच सगळी करामत. वाळू आणि चुन्याचा ओला गिलावा थापीने जोर लावून दाबला की तो फटींतून पलीकडे निघतो, मागच्या अंगाला ओघळतो आणि तिथे वाकडा होऊन वाळतो. आकड्यासारखा. इथले कारागीर त्याला 'की' म्हणतात, चावी. अशा शेकडो आकड्यांनी ती भिंत त्या पट्ट्यांना धरून असते. पहिला थर खरबरीत, त्यावर ओरखडे काढायचे म्हणजे दुसरा थर पकड घेतो, आणि तिसरा पातळ, तुकतुकीत, तोच काय तो आपल्याला दिसतो. आणि तो केस? तो पहिल्या थरातला. गिलावा ओघळून पडू नये, वाळताना तडकू नये म्हणून त्यात गुरांचे नाहीतर घोड्याचे केस मिसळत. कातडी कमावणाऱ्या कारखान्यांतून ते केस यायचे, आणि बॉस्टनच्या उत्तरेला पीबॉडी, वोबर्न ही गावं तेव्हा चामड्याचीच होती. पट्ट्या ठोकणारे वेगळे आणि गिलावा करणारे वेगळे. ठोकणाऱ्यांच्या तोंडात मूठभर बारीक खिळे असायचे, जिभेने एकेक पुढे आणायचे आणि ठोकायचे. हे आजोबांनी वडिलांकडून ऐकलेलं. सांगताना त्यांनी ओठ मिटून तसे खिळे धरूनही दाखवले.

तर माझ्या कॅबिनेटवाल्याचे निम्मे स्क्रू या पाव इंची पट्ट्यांत होते आणि निम्मे नुसत्या गिलाव्यात. शिवाय धाडधाड ड्रिल चालवताना पट्ट्या थरथरल्या असणार, तेव्हाच मागचे किती आकडे तुटले कोण जाणे. तुटलेले आकडे भिंतीच्या पोकळीत पडले, सुटलेला गिलावा कॅबिनेटबरोबर पुढे यायला लागला, आणि भोकांतून वाळू झरत माझ्या ओट्यावर येत राहिली. भिंत तीन दिवस तक्रार करत होती म्हणायची. मी फडक्याने पुसत होते.

मला राग आला होता, त्या माणसाचा आणि माझाही. जुन्या घराला नव्या घरासारखं वागवायचं आणि मग जुनं घर कच्चं म्हणायचं, हे इथे फार चालतं. "सगळं फोडून टाका आणि ड्रायवॉल लावा," हा सल्ला मला तीन जणांनी दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं भराभर बांधायची होती, गिलाव्याचे थर वाळायला आठवडे लागतात, म्हणून जिप्समच्या पाट्या सगळीकडे आल्या आणि ही कारागिरी मागे पडली. पाट्यांना मी नावं ठेवत नाही. पण शंभरावर वर्षं उभी असलेली भिंत, जिने दोन-तीन पिढ्यांचे आवाज अडवलेत, उन्हाळ्यात जी हाताला गार लागते, ती माझ्या एका कॅबिनेटसाठी फोडून कचरापेटीत टाकायची? शिवाय इथे 1978 च्या आधीच्या घरांत रंगात शिसं असू शकतं. भिंती फोडायच्या म्हणजे ती धूळ घरभर करायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगाचे सहा थर होते, आणि तपासणीत खालच्या थरांत शिसं निघालंच. आजोबा म्हणाले, जेवढं लागेल तेवढंच उघडू. ओलं करून, सावकाश.

पण आधी खांब शोधायचे होते. माझ्याकडे खांब शोधायचं एक बॅटरीवरचं यंत्र होतं. नव्या भिंतीवर ते चोख चालतं. या भिंतीवर ते बावरून गेलं, दर दोन इंचांवर लाल दिवा लागायचा. गिलाव्याची जाडी कुठे कमी कुठे जास्त, आणि मागे पट्ट्याच पट्ट्या. आजोबांनी खिशातून एक छोटं, जबरदस्त ओढीचं लोहचुंबक काढलं आणि दोऱ्याला बांधून भिंतीवरून अलगद फिरवायला दिलं. जिथे पट्टी खांबाला ठोकलेली असेल तिथे खिळा असणार, आणि जिथे खिळा तिथे चुंबक चिकटणार. फिरव, चिकटलं की पेन्सिलीने टिंब कर. एक टिंब, त्याच्या खाली दुसरं, तिसरं. अर्ध्या तासात भिंतीवर टिंबांची एक उभी ओळ झाली, मग सोळा इंचांवर दुसरी, मग तिसरी मात्र पंधराच इंचांवर. जुन्या सुताराने डोळ्याने अंदाज घेतला असेल. कोऱ्या भिंतीतून आतला सांगाडा असा टिंबाटिंबाने वर येताना बघून मी शहारले.

आई इतका वेळ खुर्चीत बसून बघत होती. तिला आजोबांचं इंग्रजी कळत नव्हतं, त्यांना तिचं मराठी. ती उठली, भिंतीशी आली आणि बोटाचं पेर वाकवून वाजवायला लागली, उन्हाळ्यात बाजारात मडकं वाजवून घेते तशी. ठण, ठण, ठण, आणि मग एकदम बद्द. तिथे थांबली. डावीकडे सरकली, परत ठण. मागे आली, बद्द. तिने बोट ठेवलेल्या जागी आजोबांनी चुंबक लावलं. टप्पकन चिकटलं. त्यांनी आईकडे बघून मान लववली. "मडकं असतं तर परत ठेवलं असतं," आई मला म्हणाली, "इथे बद्दच हवंय वाटतं." उरलेले दोन खांब तिने कानाने शोधले आणि आजोबांनी चुंबकाने खातरजमा केली. मी नुसती पेन्सिल धरून उभी.

शनिवारी भिंत उघडली. कॅबिनेटच्या मागे झाकला जाईल अशा जागी, वर एक आणि खाली एक, चार इंच उंचीच्या दोन आडव्या पट्ट्यांएवढा गिलावा काढायचा ठरलं. मेन बंद केला. प्लास्टिक अंथरलं, तोंडाला जाड मास्क बांधले. आईने मास्कवरून पदरही घेतला. हातोडीला आजोबांनी हात लावू दिला नाही. हादऱ्याने शेजारचे आकडे तुटतात. थरथरणाऱ्या पात्याचं एक छोटं कापायचं यंत्र होतं त्यांच्याकडे, ते त्यांनी ओल्या रेघेवरून मुंगीच्या गतीने फिरवलं. मी मागून पाण्याचा फवारा मारत होते आणि धूळ ओढून घेत होते. पहिला तुकडा त्यांनी चारी बोटांनी धरून बाहेर काढला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

मागची बाजू आम्ही तिघांनी पहिल्यांदा बघितली. 1908 मध्ये थापल्यानंतर कुणी बघितलीच नव्हती. पुढून तुकतुकीत भिंत, आणि मागून? भाकरीचं पीठ मळताना बोटांच्या फटींतून बाहेर येतं ना, तसे गिलाव्याचे जाड ओघळ, खाली वळून गोठलेले. त्यांच्यात तांबूस-तपकिरी केस, झुपक्यांनी. एका ओघळावर कोळ्याच्या जाळ्याचा धागा होता. कापलेल्या जागेतून पट्ट्या दिसत होत्या, करवतीच्या खडबडीत खुणा अंगावर असलेल्या, आणि फटींतून आतल्या पोकळीतली थंड, जुन्या पेटीसारखी हवा तोंडावर येत होती. बाजूच्या खांबाला चिनी मातीचं एक पांढरं बटण होतं, जुन्या काळच्या विजेच्या तारेचं. तार केव्हाच मेलेली, पण आजोबांनी टेस्टर लावून बघितल्याशिवाय पुढे हात घातला नाही.

आई पुढे आली. पदर तोंडावर तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने एका पट्टीवरून बोट फिरवलं, फटीत घातलं, मागचा ओघळ चाचपला.

"अगं," ती म्हणाली, "हा तर कूड आहे."

आईचं माहेर राजापूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. घर कुडाचं होतं, मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत तरी. मेढी, म्हणजे लाकडाचे खांब, उभ्या केलेल्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी, बांबूच्या कांबट्यांनी आवळून बांधलेल्या, आणि त्यावर दोन्ही अंगांनी शेणमाती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते, तिच्या काठ्या सरळसोट आणि हलक्या. मातीत भाताचा पेंढा बारीक करून घालायचे, पायांनी तुडवायचे, आणि हाताने दाबून लिंपायचे म्हणजे ती काठ्यांच्या फटींतून आरपार जाते आणि पलीकडून येणाऱ्या मातीला भेटते. आई हे सगळं त्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती आणि मी आजोबांना इंग्रजीत सांगत होते. पेंढ्याशी आले तेव्हा त्यांनी टेबलावरचा केसांचा झुपका उचलून आईसमोर धरला. आईने मान हलवली. तेच ते.

पावसाळ्यात त्या घरात भिंतींना ओला, गोडसर वास यायचा. पावसाने खालचा भाग धुपायचा, कारवी उघडी पडायची, आणि दिवाळीच्या आधी आजी पुन्हा लिंपायची. तिच्या बोटांचे अर्धगोल उमटलेले असायचे सगळीकडे, संध्याकाळी कंदील लावला की त्यांच्या सावल्या पडायच्या. त्या भिंतींवर काहीही टांगलेलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं, आता जाणवतं. शिंकं वाशाला. माझ्या आजोबांचा सदरा मेढीच्या खुंटीला. कंदील तुळईच्या आकड्याला. डबे फळीवर, आणि फळीची दोन्ही टोकं दोन मेढींवर. एका मे महिन्यात मी कुडात एक काटकी खुपसून तिच्यावर माझी पिशवी अडकवली. चिंचा भरलेली, जड. दुपारी सगळे झोपले असताना भस्सकन आवाज झाला आणि परातीएवढा पोपडा खाली आला. मातीखालून कारवीच्या काठ्या फासळ्यांसारख्या दिसायला लागल्या. मी रडायला लागले, मला वाटलं आता घर पडणार. आजी आली, पिशवी झटकली, मेढीच्या खुंटीला लावली आणि म्हणाली, "कुडाला भार देऊ नको गो बाय. मेढीला दे." मग शेणमातीचा एक गोळा घेऊन तिने माझ्या हातानेच ते भोक बुजवून घेतलं. तिच्या बोटांच्या खुणांमध्ये माझ्या बोटांच्या बारक्या खुणा, कितीतरी दिवस.

मग मामाने जांभ्या दगडाचं घर बांधलं. कूड पाडला त्या दिवशी आई तिथे होती. माती भराभरा पडली, ती सांगते, पण कारवी पडेना. ती नुसती जाळी मेढींना धरून दुपारपर्यंत उभी होती आणि तिच्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं. आईने हे मला पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं. डॉर्चेस्टरमध्ये, उघड्या भिंतीसमोर सांगितलं. जुनं घर गेल्याचं तिला वाईट वाटलं का, असं मी विचारलं. म्हणाली, "गळायचं गं. विंचू निघायचे. आईचे हात दरवर्षी फुटायचे लिंपून लिंपून." आणि थोड्या वेळाने, "पण भिंत हाताची होती."

पुढचं काम तसं सरळ झालं. खांबांपर्यंत उघडलेल्या त्या दोन पट्ट्यांमध्ये आम्ही एक इंच जाडीच्या फळ्या बसवल्या, गिलाव्याच्या बरोबरीने येतील अशा. प्रत्येक खांबात दोन स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, कारण शंभर वर्षं वाळलेलं लाकूड हाडासारखं कडक होतं आणि नुसता स्क्रू घातला तर चिरतं. ते खांब खरे दोन इंची. हल्ली बाजारात दोन इंचाचा म्हणून मिळतो तो दीडच भरतो. पहिलं भोक पाडलं तेव्हा ड्रिलच्या पात्याबरोबर पिवळट भुसा बाहेर आला आणि त्याला राळेचा वास होता. चक्क ताज्या राळेचा. आईने भुसा तळहातावर घेऊन हुंगला आणि माझ्या नाकापुढे धरला. फळ्यांच्या वर-खाली जिथे गिलावा सुटला होता तिथे आजोबांनी भोकाभोकांच्या पातळ पत्र्याच्या चकत्या लावून तो स्क्रूने हळूहळू पट्ट्यांशी ओढून घेतला. एकेका चकतीला अर्धा अर्धा फेरा, आळीपाळीने, जखमेला टाके घालावेत तसा. ओढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा तळहात दाबला. भिंत हलली नाही.

कॅबिनेट चढवायच्या आधी त्यांनी भिंतीवर पाणसळ धरून एक आडवी रेघ मारली, आणि तिच्याखाली तात्पुरती एक पट्टी ठोकली, म्हणजे वजन तिच्यावर टेकवून दोन्ही हात मोकळे राहतात. भिंत ओळंब्यात नव्हतीच, मधे जराशी पोट काढलेली. तिथे मागे लाकडी पाचरी घातल्या. नाहीतर स्क्रू आवळला की कॅबिनेटचीच पाठ वाकते आणि दारं लागेनाशी होतात. मग स्क्रू, तीन इंची, रुंद माथ्याचे, कॅबिनेटच्या मागच्या जाड पट्टीतून, फळीतून, खांबात. शेवटचा सव्वा इंच खांबाच्या लाकडात जाताना ड्रिलचा आवाज बदलतो, खाली उतरतो, दमदार होतो. तो आवाज आला की आई खुर्चीतून "हां" म्हणायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सहा स्क्रू, सहा वेळा "हां". खालची तात्पुरती पट्टी काढल्यावर आजोबांनी कॅबिनेटची खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं, पाय जमिनीवरून उचलून. ऐंशीच्या वरचे गृहस्थ. माझा श्वास अडकला. काही कुरकुरलं नाही, काही झरलं नाही.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. दर शनिवारी आई त्यांच्यासाठी काहीतरी करून पाठवायची, कधी घावन, कधी शिरा. ते डबा परत करताना त्यात दोन सफरचंदं ठेवायचे. दोघं जिन्यात भेटले की एकमेकांना नमस्कार करायचे आणि पुढे काही बोलायला नसायचं, पण आई परतून यायची ती बऱ्या मनाने.

डबे परत चढवायचं माझ्या मनात नव्हतं. विश्वास बसत नव्हता. जड वस्तू खालच्या कपाटात ठेवू, म्हणत होते. आईने ऐकलं नाही. तिने पहिल्या दिवशी नुसत्या डाळी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पितळी डबे. तिसऱ्या दिवशी बरण्या आणि खलबत्ता. सगळ्यात शेवटी आजीचं ताट. आणि कॅबिनेटच्या खालच्या कडेला लागून, भिंतीवर, तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. कड रेघेच्या खाली आली की समजायचं. रोज सकाळी चहाच्या आधी ती चष्मा लावून रेघ बघायची आणि मग ओट्यावरून तळहात फिरवायची. स्वच्छ. मी तिला हसले नाही. ती झोपल्यावर रात्री मीही तेच करत होते, मोबाइलचा उजेड पाडून.

ऑक्टोबरात ती परत गेली. जाताना बॅग भरताना बघितलं तर रुमालात काहीतरी गुंडाळलेलं, जड. गिलाव्याचा तो पहिला तुकडा, म्हणजे त्याचा मागचा ओघळ, केसांसकट. रंगाची बाजू तिने आजोबांकडून कापून घेतली होती, कधी, मला पत्ता नाही. "मामाला दाखवते," म्हणाली. मी म्हटलं, विमानतळावर विचारतील हे काय आहे, तर काय सांगशील? "भिंत आहे म्हणून सांगेन."

विमानतळावर कुणी विचारलं नाही. दिवाळीत ती राजापूरला गेली आणि तिथून तिने फोन केला. मागे मामाचा आवाज येत होता, नातवंडांचा गलका होता. मामाने तो तुकडा हातात घेतला, फोडून नाही ना बघायचा म्हणून आधी विचारलं, मग नाकाशी धरला. शेण नाही यात, म्हणाला, पण मळलंय बरं. माझ्या घशात काहीतरी आलं आणि मला पटकन बोलता येईना. आईला वाटलं लाईन तुटली.

"हॅलो? ऐकू येतंय ना? रेघ बघितलीस का आज?"

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला.

"आहे तिथेच."

"आणि ओटा?"

मी तळहात फिरवला. "स्वच्छ आहे, आई."